आरोपींची मेरिट लिस्ट

पहिल्या आगीत नासिरभाईंची झेरॉक्सची टपरी जळाली नाही. टपरीबाहेर ठेवलेला एक गठ्ठा जळाला. हे आधीच सांगून टाकतो, कारण हवालदार देविदास यांनी लिहून घेताना 'टपरी खाक' असं लिहिलं आणि नासिरभाईंना पुढचे आठ दिवस धडधाकट टपरीत बसून सांत्वनाला येणाऱ्यांना चहा पाजावा लागला. गठ्ठा होता अपेक्षित प्रश्नसंचांचा. त्यातला एकही प्रश्न गेल्या सहा वर्षांत परीक्षेत आलेला नव्हता. त्यामुळे आम्ही पोरांनी विझवायला पाणी आणलं, पण पळत नाही आणलं.

दुसरी आग चार दिवसांनी लागली, टपरीशेजारच्या खांबाला बांधलेल्या फ्लेक्सला. फ्लेक्सवर गेल्या वर्षी पहिल्या आलेल्या मुलाचा फोटो होता. त्याची फक्त मिशी जळाली. तो आता नांदेडला डॉक्टरकी शिकत होता. त्याला फोन करून कळवलं तर म्हणाला, "मी तर कवाच काढून टाकली. तेवढी फ्लेक्सवर ऱ्हायली होती."

तिसरी आग शरणप्पा सरांच्या स्कूटरच्या सीटला लागली. मग मात्र प्रकरण गंभीर झालं.

तिन्ही आगी एकाच फुटपाथवर, दुपारी सव्वा ते पावणेदोनच्या दरम्यान, डिसेंबरच्या महिन्यात. समोर, रस्त्याच्या पलीकडे, सरांच्या क्लासची नवी कोरी इमारत.

या इमारतीबद्दल सांगायला हवं. शरणप्पा सर किल्लारीजवळच्या एका खेड्यातले. भूकंप झाला तेव्हा ते माझ्याच वयाचे होते. घर दगडमातीचं होतं, ते गेलं. आई वाचली. तेव्हापासून त्यांच्या आईनं दगडाच्या भिंतीखाली पाऊल ठेवलेलं नाही. सरांनी त्यांना शब्द दिला होता की मी बांधीन त्या इमारतीत औषधालाही दगड नसेल. वीस वर्षांनी त्यांनी तो पाळला. लोखंडाचा सांगाडा, पत्र्याच्या हलक्या भिंती आणि समोरून जमिनीपासून छपरापर्यंत चकचकीत काच. आकार उघडलेल्या पुस्तकाचा. म्हणजे दोन्ही बाजू पुढे आलेल्या आणि मधला भाग आत गेलेला. दिवाळीला उद्घाटन झालं. आई आत येऊन बसल्या, वर बघितलं आणि म्हणाल्या, "आता पडलं तर निस्तं काचंचंच पडंल. बरं झालं." सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते आम्हाला फिजिक्स शिकवायचे. त्यातही आरसे आणि भिंगं हा त्यांचा हातखंडा. आरशाचं कुठलंही गणित तीस सेकंदांत. त्यासाठी नागपूरहून पोरं यायची.

लातूर पूर्वी डाळीसाठी ओळखलं जायचं, मग भूकंपासाठी, आता डॉक्टर होऊ बघणाऱ्या पोरांसाठी. मी त्यांतला एक. नाव अंगद, गाव अहमदपूर, प्रयत्न तिसरा. घरी ठरलं होतं की हा शेवटचा. यंदा काही गडबड झाली तर रवानगी माहूरला, मामाच्या दुकानात. मामा रेणुकादेवीच्या पायऱ्यांपाशी बांगड्या आणि रबरी नाग विकतो. दुकान चांगलं चालतं. पण गोष्ट अशी होती की यंदा मला अभ्यास कळायला लागला होता. दोन वर्षं मी आणि फिजिक्स एका खोलीत राहून एकमेकांशी बोललो नव्हतो. यंदा ओळख झाली होती. हे मी कुणाला सांगितलं नाही. रिपीटरनं असं काही सांगितलं की लोक कपाळाला हात लावून ताप बघतात.

तर तिसऱ्या आगीच्या दिवशी संध्याकाळी आम्ही सुभद्रा मावशींच्या मेसमध्ये जेवायला बसलो होतो. मेस फुटपाथच्या त्याच बाजूला, सरांच्या स्कूटरच्या जागेला लागून. सुभद्राबाई किल्लारीच्या. त्यांच्या टीव्हीवर तीन पितळी तांबे आणि एक स्टीलचा पेला अशी उलटी उतरंड कायम रचलेली असते. जमीन जरा हलली की पेला पडणार आणि मावशींना कळणार. मी आल्यापासून उतरंड तीनदा पडली. एकदा मांजरामुळे, दोनदा मिक्सरमुळे. तिन्ही वेळा आम्ही साठ पोरं ताटं घेऊन रस्त्यावर उभं राहून जेवलो.

मेसचा दुसरा नियम असा की मालिका चालू असताना मावशी भाकरी थापत नाहीत. जाहिराती लागल्या की थापतात. त्यामुळे कोणती मालिका चांगली हे आम्ही जाहिरातींवरून ठरवायचो. 'आरोपी, हजर हो!' ही सर्वोत्तम होती. तिच्यात दर सहा मिनिटांनी गरम भाकरी होती.

त्या दिवशीचा भाग नेमका आगी लावणाऱ्या माणसावर होता. एका शहरात पाच गोदामं जळतात. इन्स्पेक्टर टेबलावर मूठ आपटतो, आरोपी सापडत नाही. दुसरी मूठ आपटतो, तरी सापडत नाही. मग मनाच्या तज्ज्ञ बाई येतात. बाईंनी गुन्हेगाराला पाहिलेलं नसतं, पण तो कसा आहे हे त्यांना ठाऊक असतं. दर वाक्याला त्या चष्मा काढत आणि पुढच्या वाक्याला घालत.

"आगीकडे बघू नका," बाई म्हणाल्या. चष्मा काढला. "आग लावणाऱ्याच्या मनाकडे बघा." चष्मा घातला.

"बावा, खरं बोलून राहिली ही," माझा खोलीतला जोडीदार अरीब म्हणाला. अरीब नांदेडचा. त्याला जगातली प्रत्येक गोष्ट चार पर्यायांत दिसते. पहिल्या दिवशी मी त्याला नाव विचारलं तेव्हा तो क्षणभर पर्यायांची वाट बघत थांबला होता.

बाईंनी एकेक लक्षण सांगितलं आणि मी फिजिक्सच्या वहीच्या शेवटच्या पानावर उतरवून घेतलं. आरोपी पुरुष आहे. वय अठरा ते चोवीस. घरापासून लांब राहतो. एकटा वावरतो. त्याची वेळ ठरलेली आहे. लोक त्याच्या नजरेला नजर देत नाहीत. एकच गोष्ट तो पुन्हा पुन्हा करत राहतो. आगीशी त्याचा संबंध लहानपणापासूनचा आहे. आणि आग लागते तेव्हा तो तिथंच असतो, बघत.

अठरा ते चोवीस वयाची, घरापासून लांब राहणारी, ठरल्या वेळी येणारी आणि एकच परीक्षा पुन्हा पुन्हा देणारी साठ पोरं एकमेकांकडे बघू लागली.

"म्हंजे आख्खं लातूर आत टाकावं लागतंय," कुणीतरी म्हणालं.

"थांबा," अरीब म्हणाला. "आपल्याकडं अजून एक क्लू हाय. पहिली आग टपरीपाशी, सव्वा वाजता. दुसरी खांबापाशी, दीडला. तिसरी स्कूटरपाशी, पावणेदोनला. टपरी ते खांब किती पावलं?"

"तीन."

"खांब ते स्कूटर?"

"तीनच."

"बस. आरोपी पंधरा मिनटांत तीन पावलं चालतो. म्हंजे त्याचा पाय दुखून राहिला."

सगळ्यांनी माझ्या पायाकडे बघितलं. गेल्या आठवड्यात मी क्लासच्या जिन्यावरून घसरलो होतो आणि घोट्याला पट्टी होती. मी पाय ताटाखाली ओढून घेतला. तेही सगळ्यांनी बघितलं.

तेवढ्यात मावशी भाकरी घेऊन आल्या. "कशाचं मन अन् कशाचं काय. त्या कोपऱ्यावरचं ऊनच—"

"मावशी, जाहिरात संपली," चारपाच जण एकदम ओरडले. मावशी गप्प बसून टीव्ही बघू लागल्या. आरोपी कोण निघाला हे बघायचं होतं. पाण्याची बादली घेऊन पहिल्यांदा धावत आलेला माणूस निघाला. पहिल्या आगीत बादली मीच आणली होती. चालत, पण आणली होती.

इथपर्यंत जे झालं ते कुठल्याही गावात झालं असतं. पुढचं फक्त लातुरात होऊ शकतं. अरीबनं रात्रीतून बाईंची नऊ आणि स्वतःचं दुखऱ्या पायाचं एक अशी दहा लक्षणांची प्रश्नपत्रिका काढली, नासिरभाईंनी सकाळी तिच्या साठ प्रती काढून दिल्या आणि मेसमध्ये परीक्षा झाली. वेळ दहा मिनिटं. उत्तर गोल काळा करून द्यायचं. चुकीच्या आरोपीला एक गुण वजा. कुणालाही विचारलं नाही की आपण हे का करून राहिलो. समोर पेपर आला की आमच्याकडची पोरं आधी सोडवतात. दोघंतिघं तर वेळ संपल्यावरही गोल काळे करत होते, त्यांच्याकडून पेपर ओढून घ्यावे लागले.

मी प्रामाणिकपणे सोडवला. 'आगीशी लहानपणापासून संबंध' इथं मी थोडा अडलो. पण पाचवीत असताना होळी आदल्या दिवशीच पेटवून मी गल्लीची पुरणपोळी चुकवली होती, म्हणून 'होय' केलं.

निकाल लागला. दहापैकी दहा. आयुष्यात पहिल्यांदा पैकीच्या पैकी. अरीबला साडेसात, कारण त्याचं एका मुलीशी बोलणं चालू होतं आणि 'एकटा वावरतो' यात त्यानं अर्धवट गोल काळा केला होता. मला खरंच बरं वाटलं. दोघांनी हात मिळवला. एकानं विचारलं, "कुठल्या नोट्स वापरल्या?"

आणि मग अरीबनं ते केलं जे लातुरात प्रत्येक परीक्षेनंतर करतात. त्यानं गुणांच्या क्रमानं यादी केली आणि मेसच्या दारावर लावली. वर लाल शाईत लिहिलं: 'आगलाव्या चाचणी, गुणवत्ता यादी. रँक १: अंगद, अहमदपूर.'

सरांनी ती यादी वाचली. कारण लातुरात भिंतीवर यादी लागली आणि मास्तर न वाचता पुढे गेला, असं कधी होत नाही.

दुपारी मला केबिनमध्ये बोलावणं आलं. आत सर होते आणि हवालदार देविदास होते. टेबलावर माझी उत्तरपत्रिका.

"ही तुझीच?" सरांनी विचारलं.

"हो सर."

"दहापैकी दहा?"

"हो सर." आवाजात जरासा अभिमान आला, तो मला आवरता आला नाही.

"मेकॅनिक्समध्ये तुला दहापैकी दोन व्हते. इथं दहा!"

"सर, मेकॅनिक्समध्ये आता सात झालेत," मी म्हणालो. पण ते कुणी ऐकलं नाही.

देविदासांनी पेपर उलटसुलट करून बघितला. "सही हाय का पोराची? हाय. मंग हे कबुलीजबाबच झालं की सर. आमच्याकडं तर तोंडी देतेत, यानं लेखी दिलाय. तेबी गोल काळे करून. खाडाखोड न्हाई."

"काका, ती टीव्हीवरची परीक्षा होती."

"मीबी त्योच भाग बघितला रात्री," देविदास म्हणाले. "आरोपी शेवटपर्यंत न्हाईच म्हनत व्हता. तसंच सांगितलं हाय बाईनं. न्हाई म्हनला की समजायचं हाय."

"मग मी हाय म्हणू का?"

"हाय म्हनलास तर ल्हेऊन घेतो."

सर वाईट माणूस नव्हते. त्यांनी चष्मा काढला आणि घातला, म्हणजे त्यांनीही तो भाग बघितला होता. म्हणाले, "अंगद, बाकीच्या पोरांच्या आईबापाला मी काय सांगू? क्लासपुढं रोज जाळपोळ होतीय. तीन दिवस देतो. तोवर तू रोज सव्वा ते पावणेदोन या केबिनमध्ये बसायचं, देविदास समोर बसतील. तू इथं असताना बाहेर आग लागली तर तू सुटलास. नाहीच लागली, तर तिसऱ्या दिवशी तुझ्या बापाला बोलावतो. घरी घेऊन जाईल."

मला अट एकदम पसंत पडली. मी केलेलंच नव्हतं, तर आग लागणारच. मी बाहेर येऊन अरीबला मिठी मारली. जगात बहुतेक कुणीच आपल्या क्लाससमोर आग लागावी म्हणून इतक्या श्रद्धेनं प्रार्थना केली नसेल.

पहिल्या दिवशी सकाळी उठलो तर आभाळ भरून आलेलं. डिसेंबरात ढग. मी केबिनमध्ये बसलो, देविदास समोर बसले. सव्वा, दीड, पावणेदोन. काही नाही. देविदासांनी वहीत लिहिलं, 'आरोपी आत. आग नाही.'

दुसऱ्या दिवशीही ढग. अरीब बाहेर फुटपाथवर टपरीपाशी, खांबापाशी, स्कूटरपाशी पुठ्ठे ठेवून बसला होता, कुणी पेटवतंय का बघायला. नासिरभाई त्याच्यासोबत. "मियाँ, मैं खुद पेटवून देऊ का एक? पोराचं करिअर हाय," नासिरभाई त्याला म्हणाले. अरीबनं थोडा वेळ विचार केला आणि निगेटिव्ह मार्किंग आठवून नको म्हणाला. पावणेदोन वाजले. 'आरोपी आत. आग नाही.'

"आता तूच सांग," देविदास मला म्हणाले, अगदी मायेनं. "तू मोकळा असतूस तवा तीन आगी. तू आत असतूस तवा शून्य. तू शिकलेला हायस. काय उत्तर येतंय?"

मी शिकलेलो होतो, म्हणून उत्तर मलाही तेच येत होतं. त्या दिवशी संध्याकाळी मी बॅग भरली. एक गंमत सांगतो. सगळ्यात वर मी फिजिक्सची वही ठेवली. माहूरला बांगड्या विकताना तिचा काही उपयोग नव्हता. पण तिच्यात आरशाच्या धड्याची अर्धी गणितं सुटायची राहिली होती आणि पहिल्यांदाच मला ती सोडवायची होती. अरीब भिंतीकडे तोंड करून झोपला होता. तसाच म्हणाला, "यार, मी यादी लावायला नको व्हती."

"लावलीस ते ठीक," मी म्हणालो. "पण गावाचं नाव कशाला टाकलंस? अहमदपूरची बदनामी."

तिसऱ्या दिवशी ऊन पडलं. स्वच्छ, कडक, डोळे दिपवणारं. बाबा साडेबाराच्या एसटीनं आले. त्यांनी मला काही विचारलं नाही, फक्त पायाची पट्टी बघून म्हणाले, "लई लागलं का?" मी नाही म्हणालो. त्यापुढे आम्ही दोघंही बॅगेकडे बघत उभे राहिलो.

खरं तर मी केबिनमध्ये बसायचं होतं. पण देविदासांना मालिकेतलं अजून एक आठवलं. शेवटच्या जाहिरातीआधी पोलीस आरोपीला जागेवर नेऊन गुन्हा पुन्हा करून दाखवायला लावतात. तेवढं झालं की कागद पूर्ण होतात, असं त्यांचं मत होतं. म्हणून एक वाजून पाच मिनिटांनी आमची वरात रस्ता ओलांडून फुटपाथवर गेली. मी, बाबा, सर, देविदास आणि मागे अख्खी बॅच. नासिरभाईंनी टपरीतून स्टूल काढून बाबांना दिलं.

"हां, आता दाखव," देविदास म्हणाले. "कुठं उभा व्हतास?"

"काका, मी नव्हतोच."

"नव्हतास, ते कबूल. पण असतास तर कुठं असतास?"

मला तो प्रश्न आवडला. मी टपरीपासून दोन पावलांवर उभा राहिलो. देविदासांनी मला हात वर करायला लावले, माचिस हातात नसावी म्हणून. सर माझ्या डाव्या बाजूला, हातात माझी उत्तरपत्रिका आणि ती यादी. ते वाचून दाखवू लागले. "आरोपी पुरुष. होय. वय अठरा ते चोवीस. होय. घरापासून लांब…"

"सर, जरा सरका तिथून."

सुभद्रा मावशी मेसच्या दारात उभ्या होत्या. हातात उडदाच्या पापडांनी भरलेली सुपली.

"मावशी, सरकारी काम चालू हाय," देविदास म्हणाले.

"चालू द्या की. पण तिथं नगा उभं ऱ्हाऊ. आता सव्वाला तिथलं ऊन चावतंय. मंग ते सरकत सरकत खांबापाशी येतं अन् पावणेदोनला हितं, स्कूटरच्या जागंवर. मी महिना झालं पापड मागं मागं सरकवून राहिले. एक दिस ध्यान न्हाई दिलं तर आख्खी सुपली भाजून निघाली."

कुणाला काही कळलं नाही. मावशींनाही आपण काही विशेष सांगतोय असं वाटत नव्हतं.

"ऊन कसं चावंल?" देविदास म्हणाले. "ऊन सगळीकडं सारखंच असतंय."

"जमीनबी सारखीच व्हती की किल्लारीला," मावशी म्हणाल्या. "तिनं एकदा फशिवलं. तवापासून मी ऊनबी बघून बसते."

"…एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करतो. होय," सर वाचत होते. "आग लागते तेव्हा तो तिथंच असतो आणि…"

सर थांबले. उत्तरपत्रिकेशेजारी धरलेल्या यादीवर एक तपकिरी ठिपका उमटला होता. तो आधी चिंचोक्याएवढा होता, मग लिंबाएवढा झाला, मग त्यातून बारीक धूर निघाला आणि बरोबर 'रँक १' या जागी भोक पडून कागद पेटला. माझे दोन्ही हात हवेत होते. दोनशे साक्षीदार होते.

सर्वांत आधी बाबा उठले. त्यांनी स्टुलाशेजारी ठेवलेला तांब्या उचलून सरांच्या हातावर ओतला. नेम चांगला होता. कागद विझला आणि सर भिजले.

मग मला जाणवलं की माझी मानही भाजतेय. मी वळून पाहिलं. समोर रस्त्यापलीकडे सरांची इमारत, उघडलेलं पुस्तक, आत गेलेली चकचकीत काच, आणि तिच्यात एक सूर्य असा काही तळपत होता की त्याच्याकडे बघवेना. माझ्या डोक्यात वहीतलं ते पान उलटलं, जिथं मी अर्ध्यात थांबलो होतो.

"सर," मी म्हणालो. हात अजून वरच होते. "सर, इमारतीच्या वळणाची त्रिज्या किती ठेवली होती?"

सरांनी ओल्या हातानं कपाळ पुसलं. "एकशेवीस फूट," ते अगदी हळू म्हणाले. नकाशा त्यांनी स्वतः काढला होता.

"म्हणजे किरण एकत्र येणार निम्म्यावर. साठ फुटांवर. आणि रस्ता…"

"साठ फुटी," अख्खी बॅच एका सुरात म्हणाली. आम्हाला तशी सवयच लावलेली होती.

अंतर्वक्र आरसा. नागपूरहून पोरं ज्यासाठी यायची तो. आम्ही दोनशे जणांनी मिळून तोवर अशी दहाएक हजार गणितं सोडवली असतील. रोज त्या आरशात शिरून, त्याच्या आत बसून सोडवली होती. पण त्या गणितांत नेहमी एक मेणबत्ती असायची आणि तिची उंची दिलेली असायची. आमच्या फुटपाथवर मेणबत्ती नव्हती, त्यामुळे कुणाला ओळखू आलं नाही.

"आन् त्ये दोन दिवस?" देविदासांनी विचारलं.

"ढग होते काका."

देविदासांनी आभाळाकडे बघितलं, काचेकडे बघितलं, वहीकडे बघितलं. मग माझे हात स्वतः खाली केले. नंतर आम्ही त्यांची नोंद वाचली. त्यांनी लिहिलं होतं, 'आरोपी: सूर्य. वडिलांचे नाव माहीत नाही. राहणार वर. अटक शक्य नाही, समज देण्यात आली.'

सर खांबाला टेकून उभे होते. मला वाटलं रागावतील. ते आधी थोडं हसले, मग बरंच हसले, मग खोकले. बाबांपुढे हात जोडून म्हणाले, "दादा, पोराला ठेवून जा. अकरा वर्षं मी ह्योच धडा शिकवून राहिलो. आन् इमारत बांधताना मला फक्त आई दिसली."

"मंग आईचं बरोबरच हाय की," बाबा म्हणाले. "पडली तर न्हाई नं इमारत."

बाबा तीनच्या एसटीनं परत गेले. बॅग ठेवून गेले. जाताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "ते एकशेवीसचं निम्मं कसं काढलंस रे, भराभरा?" बाबांना एकशेवीसचं निम्मं येतं. त्यांना फक्त मला काहीतरी म्हणायचं होतं.

संध्याकाळपर्यंत सरांनी काच झाकायला घेतली. गोदामातून मागच्या दहा वर्षांचे सगळे फ्लेक्स निघाले आणि दहा वर्षांच्या पहिल्या आलेल्या पोरांची तोंडं काचेवर चढली. झाकून होत आलं तेव्हा मावशी रस्ता ओलांडून आल्या. त्यांची एक तक्रार होती. ध्यान न दिलेल्या त्या दिवशी आपोआप भाजले गेलेले पापड साठ पोरांनी खाल्ले होते आणि तशा चवीचा पापड पुन्हा मागत होते. "समदी नगा झाकू. थोडी ऱ्हाऊ द्या," मावशी म्हणाल्या. "पर किती, ते तुमी शिकलेल्यांनी सांगा. पापड भाजला पायजे, सुपली न्हाई."

सरांनी माझ्याकडे बघितलं. "काढ," म्हणाले. "तीस सेकंद."

मला तीन दिवस लागले. पुठ्ठे, घड्याळ, मावशींचे सोळा पापड आणि अरीबची एक चप्पल खर्ची पडली. उत्तर आलं नऊ काचा. आजही त्या इमारतीवर नऊ काचा उघड्या आहेत. शेजारच्या गठ्ठ्यांना, फ्लेक्सना आणि स्कूटरना दोन पावलं मागे राहायची सूचना नासिरभाईंनी स्वखुशीनं लॅमिनेट करून लावली आहे.

एक काम राहिलं होतं. अरीबला अर्धवट निकाल आवडत नाही. त्यानं खऱ्या आरोपीची उत्तरपत्रिका स्वतः भरली. पुरुष, होय. घरापासून लांब, होय. एकटा वावरतो, होय. वेळ ठरलेली. नजरेला नजर कुणी देत नाही. तेच ते रोज करतो. चाल मंद. आगीशी संबंध लहानपणापासून. आग लागते तेव्हा तिथंच, बघत. सगळं जुळलं. फक्त वय अठरा ते चोवीसमध्ये बसेना. अरीबनं पुष्कळ प्रयत्न केला, सवलतीचा नियम आहे का तेही बघितलं. नाही बसलं.

दहापैकी नऊ.

मेसच्या दारावर सुधारित यादी लागली. रँक २: सूर्य. रँक १ तसाच राहिला.